नामाच्या चाकूचा खिसा

दुकानात फोन वाजला तेव्हा माझ्या तोंडात दोन टाचण्या होत्या. पलीकडून नामाचा थोरला मुलगा म्हणाला, "चाचा, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि..." मी नुसतं 'हूं' म्हणू शकलो, टाचण्यांमुळे. त्याला वाटलं असेल, चाचांना हुंदका आला. तो नंतर आला, टाचण्या काढून ठेवल्यावर. या गोष्टीला आता दीड महिना होईल. मेंढ्यांचे जाणकार, मोठे अधिकारी, साधा माणूस, असं पेपरांत आलं, आणि ते सगळं खरंच होतं. पण हा माणूस एका चाकूपायी ऑस्ट्रेलियाला जायचा राहणार होता, हे कुठं छापून आलं नाही. ते माहीत असणारा आता मी एकटाच उरलोय.

तिसगावापासून दीड कोसावर आमची वाडी. नामाचं घर धनगराचं, आमचं शिंप्याचं. आम्ही एकाच वर्षी फायनल पास झालो. मी अब्बांच्या मशीनवर बसलो, नामा पुण्याला शेतकी शिकायला गेला आणि सरकारी नोकरीला लागला. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल, तेव्हा त्याच्या नावानं कागद आला की मेंढ्यांचं शिकायला दोन वर्षं ऑस्ट्रेलियाला जायचंय. वाडीत ज्यानं त्यानं येऊन विचारलं, तिकडं मेंढ्या हाईत का? नामा सांगायचा, माणसांपेक्षा जास्त आहेत. फक्त त्याचे वडील, आबा, काही बोलले नाहीत. नामा त्यांचा एकुलता. दोन दिवस ते मेंढरांमागं गेले, आले, जेवले, निजले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाकू लागंल."

आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चाकू लागेल म्हणजे जायला हरकत नाही, असा आम्ही अर्थ काढला. आबांचं म्हणणं रास्तच होतं. मेंढीचं खूर वाढतं, पायात काटा मोडतो, दोरी अडकते, आणि मेंढक्याच्या खिशात चाकू नसला तर त्यानं काय हात चोळत बसायचं? मात्र चाकू मी पसंत करीन, असं त्यांनी बजावलं. इकडं मी नामाचा कोट शिवायला घेतला होता. अब्बांनी मला आयुष्यात पहिल्यांदा आख्खा कोट एकट्याला दिलेला. आतल्या बाजूनं चाकूचा खिसा ठेवायचा होता, पण चाकूचं माप मिळेना. आबांना विचारलं तर म्हणायचे, "दम धर. आदी चाकू, मग खिसा."

तिसगावच्या बाजारात आम्ही तिघं लोहाराकडं गेलो. आबा चाकू हातात घेत, मनगटावरचे केस तासून बघत, घायपाताची दोरी कापून बघत, कानाशी नेऊन उघडझाप करत आणि शेवटी पात्याचा वास घेत. वासावरून काय कळतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पहिला चाकू नापास झाला, कारण पातं मुठीत हलत होतं. पुढच्या बाजारी दुसरा नापास झाला, कारण तो घट्ट होता. "तिकडं थंडी लई. बोटं आकडल्यावर उगडायचा कसा?" तिसरा बेताचा होता, न हलणारा, न अडणारा. आबांनी तो बराच वेळ फिरवला आणि ठेवून दिला. "ह्यो लबाड वाटतो," म्हणाले. चाकू लबाड कसा असतो, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही. चार बाजारांत मिळून आबांचं डावं मनगट पार गुळगुळीत झालं, तेव्हा ते उजव्यावर आले.

मग नामा आम्हाला नगरला घेऊन गेला. तिथं एका मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात विलायती चाकू होते. दुकानदारानं कौतुकानं एक काढला, चार पात्यांचा, आणि एक पिळाची तार बाहेर आलेला.

"हे वाकडं काय हाय?" आबांनी विचारलं.

"त्यानं बाटलीचं बूच काढतात."

"कसली बाटली?"

दुकानदार नगरचा होता, पण प्रामाणिक होता. "दारूची," म्हणाला.

आबांनी चाकू असा खाली ठेवला की जणू त्यानंच प्यायलेली असावी. दुकानदारानं एकाच पात्याचा, सांबरशिंगाच्या मुठीचा दुसरा काढला. तो खरोखर देखणा होता. नामानं तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. मी मनातल्या मनात खिसा बेतलाही... आबा म्हणाले, "कुटला हाय?" विलायतेचा, असं उत्तर आलं. "सायेब आत्ताच तर गेला. आन् आपुन त्याचाच चाकू घिऊन हिंडायचं व्हय?" दुकानदारानं कपाट लावून टाकलं.

नामाला निघायला बारा दिवस उरले तेव्हा आम्ही पुन्हा तिसगावच्या लोहारापुढं बसलो होतो. त्या म्हाताऱ्यानं आबांसाठी मुद्दाम घडवलेला चाकू पुढं ठेवला. आबांनी केस तासले, दोरी कापली, उघडझाप केली, वास घेतला. खोट सापडेना. पुन्हा एकदा वास घेतला. शेवटी म्हणाले, "जड हाय."

लोहार भाता ओढतच बोलला, "आबा, तुमास्नी चाकू न्हाई पायजे. तुमाला पोरगं पायजे."

आबा उठले आणि वाडीच्या वाटेला लागले. आम्ही दोघं मागं. त्यांची पाठ बघत चालताना मला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस म्हातारा झालाय.

दुसऱ्या दिवशी नामा आमच्या ओसरीवर आला, मशीनच्या फळीवर कागद ठेवला आणि इंग्रजीत अर्ज लिहू लागला. "हुसेन, घरच्या अडचणीमुळे जाता येत नाही, असं लिहितोय. आबांना नाही म्हणता येत नाहीये. मग मीच म्हणतो." मी त्याला पुष्कळ समजावलं. तो म्हणाला, "तू त्यांचं मनगट बघितलंस का?" आणि आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसू थांबलं...

त्याची आई, आमची राहीमावशी, ताकाची लोटी द्यायला आली होती, ती दारात उभी राहून हे ऐकत होती. पुढच्या बाजारी कोंबडी काखोटीला मारून एकटीच तिसगावला गेली आणि परतताना थेट आमच्या ओसरीवर आली. पाठोपाठ आबाही आले. मावशीनं माझ्या हातात चाकू ठेवला. बांगडीवाल्याकडचा होता. गुलाबी मूठ, मुठीला नखाएवढा आरसा. पोरी कैऱ्या कापायला घेतात तसला.

"घे बाबा माप. शिव खिसा," ती म्हणाली.

आबांनी तो मनगटावर फिरवला. एक केस हलला नाही. "ह्यानं लोनी बी कापायचं न्हाई."

"मंग धार लावा की. पोराला निघायला अजून पाच दिस हाईत."

आबा निसणा, म्हणजे धारेचा दगड, घेऊन लिंबाखाली बसले ते पाच दिवस. मेंढरं मावशीनं वळली. दगडाचा आवाज आमच्या मशीनला साथ करत होता. अर्ज मशीनच्या फळीवर तसाच राहिला; नामा समोर बसून पाणी घालायचा. त्या पाच दिवसांत बापलेक जेवढं बोलले तेवढं आधी कधी बोलले नसतील, असं नामा नंतर सांगायचा. काय बोलले, ते विचारलं तर म्हणायचा, "मेंढ्यांचंच."

पातं निम्मं झिजलं, पण धार अशी लागली की कोट घालून बघताना चाकू माझा खिसा आणि अस्तर दोन्ही फाडून खाली आला. आयुष्यातला माझा पहिला कोट. मी जुन्या चपलेचं चामडं लावून खिसा पुन्हा शिवला. निघताना आबा एवढंच म्हणाले, "वल्ला ठिवू नगो."

चार महिन्यांनी नामाचं पत्र आलं, ते मी आबा-मावशींना वाचून दाखवलं. तिकडच्या गड्यांनी गुलाबी चाकू बघून त्याला आठवडाभर हसून घेतलं होतं. मग पावसात कळपाची खुरं सडायला लागली. नामानं एका दुपारी चाळीसएक मेंढ्यांची खुरं साफ केली, पुन्हा धार न लावता. मालकानं चाकू उलटापालटा करून विचारलं, ही धार कुणाची? वडिलांची, म्हटल्यावर म्हणाला, ते इकडं नोकरीला येतील का?

आबांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लिव्ह. यायाला सवड न्हाई. धार म्या लावली." मी लिहू लागलो तसे म्हणाले, "आन् चाकू तुज्या आईनं पसंत केला, ह्ये बी लिव्ह."

नामा परत आला, जिल्हाभर मेंढपाळांमध्ये फिरला, मोठा झाला. मी नगरला दुकान टाकलं. निवृत्त झाल्यावर तो महिन्यातून एकदा यायचा आणि खिशातून निसणा काढून न विचारता माझ्या कात्र्या धारेला घ्यायचा. तास-दीड तास माझा हात रिकामा. मग गप्पा मारण्याशिवाय गत्यंतर नसायचं. गिऱ्हाईक आलं तर नामाच सांगायचा, "धार चाललीय, उद्या या."

जाण्याच्या आठवडाभर आधी आला तेव्हा कात्र्या लवकर आटोपल्या. मग तो दुकानामागच्या घरात गेला आणि माझ्या सुनेची विळी घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी सुनेनं गवार चिरताना बोट कापून घेतलं. वैतागून म्हणाली, "अब्बा, नामाचाचांना सांगा, घरातल्या वस्तूला एवढी धार नसते लावायची." मी म्हटलं, पुढच्या वेळी आला की सांगतो...

सून अजून भाजी जपूनच चिरते.