उकळलेलं पाणी

नागपूरहून मुलाकडे सांता क्लाराला आलेल्या शेजारच्या काकू पाणी उकळूनच प्यायच्या. कॉम्प्लेक्समधल्या प्रत्येक नव्या आईला दटावायच्या, "अमेरिका असली म्हणून काय झालं? बाळाची दूध पावडर उकळलेल्या पाण्यातच कालवायची!"

नळाच्या पाण्यात कारखान्यातली केमिकल्स सापडल्याचं मीच त्यांना सांगितलं. "काकू, ही उकळून जात नाहीत. खास फिल्टर लागतो. बाळांना जास्त धोका."

त्यांनी गॅस बंद केला. मग चपला घालून एकेक दार वाजवत निघाल्या. "आय टेल राँग. नो बॉइल. फिल्टर."

शेवटच्या दारात एक मराठी मुलगी बाळाला घेऊन उभी होती. म्हणाली, "इट्स ओके, काकू."

"ओके कसं गं? डॉक्टरला विचारू. चल, मी येते सोबत."