बर्फात निवलेलं नळकांडं

मेहरूणचे निंबाभाऊ प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होते. फवारणीच्या पंपात दाब धरणारं नळकांडं काढायचे. प्रत्येक वाक्याला ‘समजनं का?’ जोडायचे, आणि समजलं म्हटलं तरी आणखी एकदा ‘समजनं का?’

एक्क्याण्णवला कपाशीवर अळी पडली नि पंपांना मागणी आली. मालक पुखराजशेठ नाकातून म्हणायचे, “निंबाऽ, माल काच जैसा चमकना मंगता!” भाऊंनी तोड काढली: साच्यात फिरणाऱ्या पाण्यात बर्फाच्या लाद्या. नळकांडं झटकन निवायचं, चमकायचं, शिवाय तासाला दीडपट निघायचं. शेठनी पेढे वाटले. भाऊंनी पहिला पंप भडगावला धाकट्या भावाला, सुकदेवला पाठवला.

महिन्याभरानं कारखान्याचे तपासणीस अभिमन साहेब पुण्याहून क्ष-किरणांचे फोटो घेऊन आले. नळकांड्याच्या भिंतीचे पापुद्रे काढून एकेकाचा फोटो घेतलेला. आतल्यांत रेखीव कडी, वरच्यात नुसता धुरकट डाग.

“भाऊ, तूप सावकाश निवलं की रवाळ होतं ना? तसा आत रवा धरलाय, ही कडी त्याचीच. वरची साल मात्र रवा धरायच्या आधीच गोठली. दोन्ही एकमेकांना ओढतायत.”

“पन चमकस त कशी!”

“सालच चमकतेय ती. दाबाखाली फुटेल. विष थेट अंगावर.”

“कधळ फुटी?”

“ते फोटोत दिसत नाही.”

भाऊंनी मशीन बंद केलं. “अरे, फोटू का गोल देखके धंदा बंद?” शेठ ओरडत राहिले. भाऊ एसटीत बसले. भडगावचं तिकीट मागताना ‘समजनं का’ जोडायलाही विसरले.

सुकदेव कपाशीत होता. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, डावा हात दांड्यावर खालीवर.

“हात मारू नको! पंप खाले उतार!”

“काय व्हयनं भाऊ? बाटली पिईसन उना का?”

“उतार म्हनस ना!”

भाऊंनी हळूहळू दाब सोडला, नळकांडं काढलं. गळ्याशी केसाएवढी पांढरी भेग अर्धा फेरा घेऊन गेली होती.

सुकदेव हसला. “इतलीशी रेघ! गावमा सात जनसनी तुन्हं नाव आयकीसन हाऊच पंप लिधा.”

“कोठे शेतस त्या?”

“वावरमा. आखो कोठे?”

भाऊ बांधावर चढले. चहूकडच्या पुरुषभर उंच कपाशीतून दांड्यांची खटखट येत होती. माणूस एकही दिसत नव्हता. भाऊंनी हाका मारल्या, पण वारा उलटा होता. ते जवळच्या खटखटीकडे धावत सुटले. तेवढ्यात नदीकडची एक खटखट बंद पडली.