पंढरीच्या कॅनमधलं डिझेल

दीपिका आमच्या बोईसरच्या लॅबमध्ये सातपाटीहून येते. तिच्या डब्यात बोंबील असले की आधी सगळे नाकं मुरडतात आणि मग त्याच डब्यावर तुटून पडतात. मीही त्यातलीच, माहेर सांगलीचं असूनसुद्धा. कामाला ती वाघीण, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

तिचे वडील पंढरी ती शाळेत असतानाच खाडीच्या तोंडाशी बुडाले. ऐन लाटांत बोटीचं इंजिन बंद पडलं. कुणी म्हणालं, डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेलं होतं. कुणी म्हणालं, पंढरीनंच इंजिनाकडे लक्ष दिलं नाही. हे दुसरं बोलणं दीपिकाच्या जिव्हारी लागलं. बापावरचा ठपका पुसायचा म्हणूनच ती रसायनशास्त्र शिकली. त्या डिझेलपैकी थोडं घरी कॅनमध्ये उरलं होतं, पण तिची आई मंगला त्याला कुणाला हात लावू देत नसे.

यंदा आईनं कॅन दिला. बाहेरचा नमुना तपासायला साहेब तयार नव्हते. मी त्यांच्याशी भांडले, आणि ते काम मी आवडीनं केलं.

गॅस क्रोमॅटोग्राफ म्हटलं की लोक उगाच दबकतात. सुईनं थेंबाहून कमी तेल आत सोडायचं. तापलेल्या लांब नळीतून हलके घटक आधी बाहेर पडतात, जड मागून रेंगाळत येतात, आणि प्रत्येकाचं पडद्यावर एक टोक उमटतं. रॉकेल हलकं. ते मिसळलं असेल तर सुरुवातीची टोकं उंच दिसणार.

सुरुवातीला टोकंच नव्हती. साध्या डिझेलला असतात तेवढीही नाहीत. सपाट रेघ, आणि मग जड घटकांची रांग.

"अगं, हलकं सगळं उडून गेलंय," मी म्हटलं. "हा कॅन कुणीतरी सारखं उघडत होतं."

दीपिकानं पडद्यावरच्या सपाट रेघेवर बोट ठेवलं.

"आय," ती म्हणाली. "बाबा दर्यातून आले की त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा. आय दार लोटून कॅन उघडते, वास घेते. मी बघितलंय. पण डोक्यात कधी आलंच नाय."

आता रॉकेल होतं की नव्हतं, हे कुठलंच यंत्र सांगू शकणार नव्हतं. मला त्या बाईचा राग आला, आणि राग आला म्हणून माझीच मला लाज वाटली.

कॅन परत द्यायला मी तिच्याबरोबर गेले. मंगलाबाई अंगणात सुकट पसरत होत्या.

"रॉकेल व्हता का गो?"

"कळत नाय, आये. लय जुना झाला."

मंगलाबाईंनी हात पदराला पुसले, कॅन जवळ ओढला, झाकण काढून नाक आत घातलं. पुन्हा एकदा श्वास ओढून घेतला.

"वास ऱ्हायला नाय पयल्यासारका," त्या म्हणाल्या. "तुज्या मशीननं खाल्ला का?"

दीपिकानं झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं.

"हो आये," ती म्हणाली, "मशीननंच खाल्ला."