एकदाच विचारलं

मला याद्या करायची खोड आहे. मी शिकवते त्या शाळेची सहल निघाली की मोठ्या बाई सगळं काम माझ्या गळ्यात टाकून मोकळ्या होतात, कारण कोणत्या बसमध्ये कोणतं पोरगं उलटी करतं हेसुद्धा माझ्या वहीत लिहिलेलं असतं. नवरा म्हणतो, हिनं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर यादीत त्यासमोर खूण केली असेल. केली नव्हती, पण वही जवळ असती तर केली असती.

तर गेल्या उन्हाळ्यात मुलांना त्या मोठ्या पार्कला न्यायचं ठरलं. घाटाखालचं पार्क, अर्ध्या भागात पाळणे आणि अर्ध्या भागात पाणी. आमच्या अमरावतीहून तिथे जायचं म्हणजे रात्रभराची गाडी, मग टॅक्सी, मग मुक्काम. लेक आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दोघांनी वर्षभर माझं डोकं खाल्लं होतं. लेकीच्या वर्गातली कोणीतरी मुलगी जाऊन आली होती आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मी मार्चपासूनच वही उघडली. कोणत्या पाळण्याला किती उंची लागते ते लिहून काढलं. दोघांना दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. लेक बहुतेक ठिकाणी बसत होती, मुलगा जवळपास कुठेच बसत नव्हता. म्हणून कोणत्या पाळण्याच्या वेळी मुलाला कोण धरून बसेल याचं वेळापत्रक केलं: आधी मी, मग नवरा, मग पुन्हा मी. आज ते पान बघितलं की वाटतं, ज्याला मुलाला घेऊन आनंदानं खाली बसायचं होतं असा एक माणूस घरात होता, आणि त्याचं नाव त्या पानावर कुठेच नाही.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. अकोल्यात एकटेच राहतात. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. आधी तेल्हाऱ्याला आणि मग अकोल्याला, त्यांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. रुईचा पुंजका दोन चिमटींत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. आयुष्यभर अंगाला सुती कपड्याशिवाय काही लागू दिलं नाही. आईनं एकदा हौसेनं टेरिकॉटचा सदरा शिवून आणला होता, तो त्यांनी तसाच धाकट्या काकांना देऊन टाकला आणि आई दोन दिवस बोलली नव्हती.

एका रविवारी सकाळी मी तिकिटं काढायला बसले. पार्कच्या साइटवर फॉर्म होता. मोठे किती, लहान किती, ज्येष्ठ नागरिक किती. शिवाय कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ, दहा मिनिटांत सगळं भरा नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ज्येष्ठ नागरिकाचा चौकोन आला तेव्हा मला बाबा आठवले. मी फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून बोलले.

"बाबा, आमी मे महिन्यात त्या पार्कले जाऊन राहिलो. तुमी येता का?"

"मी?" बाबा म्हणाले. "नाई बा. मी काय करू तिथं पाण्यात? तुमी जा पोट्ट्याईले घेऊन."

"बरं."

पण त्यांनी फोन ठेवला नाही. जरा थांबून म्हणाले, "तिथं लाटा राहते म्हणे. समुद्रासारख्या."

"हो, आहेत."

"कशा काढत असतीन बा त्या?"

"मशीन असते बाबा. माझा टाइम संपून राहिला इथं, मी मंग बोलते."

आणि मी त्या चौकोनात शून्य भरून पुढे गेले.

आता हे दुसऱ्या कोणाच्या घरी घडलं असतं तर त्यात काही नव्हतं. विचारलं, नको म्हणाले, संपलं. पण आमच्या घरात पहिल्या 'नाही'ला 'नाही' समजायची पद्धतच नाही. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'पोट भरलं बाप्पा' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचं. पहिल्याच बोलावण्याला हो म्हटलं तर तो माणूस हावरट. बाबा तर घरातल्या घरातसुद्धा असेच. आई पोळी घेऊन आली की ताटावर आडवा हात धरायचे, पण बोटं पसरून. आई त्या बोटांकडे बघायची आणि हात बाजूला सारून पोळी वाढायची. बोटं जुळवून धरलेली असली की मुकाट्यानं परत जायची. हे मला कोणी शिकवलं नाही, रोज दोन वेळा बघतच मी मोठी झाले.

तरीसुद्धा मी एकदाच विचारलं. खरं सांगते, बाबांचं 'नाही' मला त्या क्षणी सोयीचं होतं. ते आले असते तर खालचा बर्थ बघावा लागला असता, खोली मोठी घ्यावी लागली असती, दर तासाला त्यांना बाथरूम कुठे आहे ते दाखवावं लागलं असतं, आणि माझं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागलं असतं. मी त्यांना नको म्हणायची संधी दिली आणि त्यांनी ती घेतल्यावर मनातल्या मनात त्यांचे आभारसुद्धा मानले. या गोष्टीची आज मला शरम वाटते.

आमची गाडी बडनेऱ्याहून संध्याकाळी निघाली. वाटेत अकोला लागतं, आणि आपल्या माणसांची गाडी स्टेशनवरून जाणार आणि आपण डबा घेऊन जाणार नाही, हे बाबांच्या हातून होणं शक्य नव्हतं. डब्यासमोर ते उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात चार खणी डबा, शिवाय मठ्ठ्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी दारात उभी राहून डबा घेतला. लेक माझ्या काखेतून डोकं काढून ओरडली, "आबा, तुमी पण चला ना!"

बाबा हसले. उत्तर लेकीला द्यायचं होतं, पण ते बघत माझ्याकडे होते.

मी म्हटलं, "आबांना त्रास होतो बेटा इतक्या प्रवासाचा. आणि तिकीट कुठे आहे त्यांचं?"

"हाव, खरंच आहे," बाबा म्हणाले. "तुमी पाहून या. लाटा पाहून सांगजो मले, कशा येते त्या."

गाडी सुटली. बाबा दोन-तीन डबे सोबत चालत आले आणि मग मागे राहिले. मी आत येऊन सामान मोजलं, सात नग बरोबर होते.

पार्कात माझं वेळापत्रक अकरा वाजताच कोलमडलं, कारण मुलाला त्याच्या उंचीच्या एकाही गोष्टीत रस नव्हता आणि लेक पहिल्याच मोठ्या पाळण्यातून उतरून रडत होती. शेवटी सगळे लाटांच्या तलावावर जाऊन बसलो. आधी भोंगा वाजतो, मग पलीकडच्या भिंतीकडून पाणी फुगत येतं आणि माणसं एकदम किंचाळतात. आमच्यापासून थोड्या अंतरावर कोणाचे तरी आजोबा होते. उथळ पाण्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेले, अंगात भडक हाफपँट, मांडीवर नातू. लाट आली की दोघं पाय वर उचलायचे आणि हसायचे. भोंगा थांबला की भिंतीकडे बघत पुढच्या भोंग्याची वाट बघायचे.

मला बाबा आठवले. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बाबांना आणायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "ते नाही म्हणाले ना?" मी म्हटलं, "हो, तेच नाही म्हणाले." आणि त्यांच्यासाठी लाटांचा व्हिडिओ काढला, चांगला मोठा, भोंग्यापासून शेवटपर्यंत. तेवढ्यानं माझं समाधान झालं.

परत आल्यावर पुढच्याच शनिवारी मुलांना घेऊन अकोल्याला गेले. सकाळची दहाची वेळ, पण ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येईना. त्या दिवशी नळ आला होता. अकोल्यात नळाचा दिवस म्हणजे घरात सणासारखी धावपळ, पाच दिवसांचं पाणी त्या तासाभरात भरून ठेवायचं असतं. बाबा अंगणात स्टुलावर उभे राहून कूलरच्या टाकीत पाइप धरून होते. वर बंडी, आणि खाली निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, गुडघ्यापर्यंतची, चमकणारी नायलॉनची हाफपँट.

मला हसू आवरेना. "बाबा! हे काय घातलं?"

"काय झालं? झटकन वाळते," ते म्हणाले आणि पाइपाकडे बघत राहिले.

लेक म्हणाली, "आई, ही आबांची पार्कची पँट आहे."

"गप वं पोट्टे," बाबा म्हणाले. "काईही सांगते."

"काहीही नाही! आपण दोघं जाऊन आणली ना, होळीच्या सुट्टीत?"

होळीला लेक चार दिवस अकोल्याला राहिली होती. तेव्हा तिनं आजोबांना मोबाइलवर पार्कची सगळी माहिती वाचून दाखवली होती. त्यात एक नियम होता: पाण्यात सुती कपडे चालणार नाहीत, नायलॉनचेच पाहिजेत. बाबांनी तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला, सगळं आयुष्य रुईत काढलं आणि आता रुईच चालत नाही म्हणे, असं म्हणून खूप हसले, आणि संध्याकाळी तिला घेऊन बाजारात गेले. दुकानदारानं काळी दाखवली तर बाबांनीच ही पट्ट्यांची निवडली. घरी आल्यावर तिला बजावलं, आईले आगाऊ सांगू नको, ती म्हणीन तेव्हा दाखवू. लेकीला वाटलं आबा नंतर स्वतःच नको म्हणाले, म्हणून ती विसरून गेली.

म्हणजे मी फोन केला तेव्हा पँट आधीच कपाटात होती. तिकिटं निघण्याच्या कितीतरी आधी हा माणूस तयार होऊन बसला होता.

मला रडू यायला पाहिजे होतं, पण मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, चूक माझी असली की आवाज आधी चढतो. भर अंगणात मुलांसमोर मी ओरडले, "मग तोंडानं सांगता येत नव्हतं का? मी विचारलं होतं ना तुमाले? कावून नाही म्हटलं मग?"

बाबा स्टुलावरून सावकाश खाली उतरले. नळ बंद केला. त्यांना अजिबात राग आलेला नव्हता.

"तू एकडाव म्हटलं," ते म्हणाले. "मी एकडाव नाई म्हटलं. मंग तू फोन ठेवून देल्ला."

मी आत जाऊन माठातलं पाणी प्यायले आणि नुसतीच उभी राहिले. बाहेर लेक त्यांना व्हिडिओ दाखवत होती. भोंगा वाजला, माणसं किंचाळली. बाबा म्हणाले, "मांगं घे बरं, पुन्हा दाखव." पुन्हा भोंगा वाजला. मग ते म्हणाले, "हे त्या भिंतीमांगून पाणी सोडून राहिले काय?" पाच-सहा वेळा तरी तो भोंगा मी आतून ऐकला. व्हिडिओ चांगला आला होता, पण त्यात त्यांना कुठे कळणार होतं, लाट पोटरीला लागते की गुडघ्याला?

निघताना मी म्हटलं, दिवाळीत आपण सगळे पुन्हा जाऊ. ते म्हणाले, पाहू.

पावसाळ्यात बाबांना मोठा ताप आला. पंधरा दिवस मी अकोल्यात होते. ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. उठून उभं राहिलं की चक्कर येते. आता भिंत धरून चालतात, आणि नळाच्या दिवशी शेजारचे पाणी भरून देतात. ती हाफपँट मागच्या दोरीवर होती, पट्टे उन्हानं फिके पडलेले. मीच ती घडी करून कपाटात ठेवली.

दिवाळीला आम्ही सगळे अकोल्यालाच गेलो. या वेळी मी वही नेली नव्हती. पहिल्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले आणि मी वाढत होते. वाढता वाढता म्हटलं, "बाबा, पार्कले चलता ना? गाडी करू आपण, थांबत थांबत जाऊ."

"नाई बा," बाबा म्हणाले.

मी वरण वाढलं. "चला ना. तुमाले कुठं चालाचं आहे? खुर्ची मिळते तिथं. पाण्यातच टाकून देतो."

"नको बाई. तुमी जा."

नवरा जेवता जेवता थांबला. लेक माझ्याकडे बघत होती. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "मी धरून बसते तुमाले. पोट्ट्याईले हे पाहतीन. तुमी फक्त हो म्हणा."

मी पोळी घेऊन वाकले तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. मी चौथ्यांदाही म्हटलं, चला ना बाबा, पण म्हणताना माझं लक्ष त्या हाताकडे होतं. पाचही बोटं एकमेकांना लागून होती. मी पोळी परत डब्यात ठेवली.