फिनलेला माती

एफी मुलखाची हट्टी. नवरा फिनले आठ-नऊ वर्षांपूर्वी होडी घेऊन मासे धरायला गेला तो गेलाच. होडीची फळी किनाऱ्याला लागली, माणूस नाही. प्रेत नाही म्हणून माती नाही, आणि माती नाही म्हणून हिचं रडणंही राहून गेलं.

अशात त्यांच्या बेटावर ग्लासगोचे सिनेमावाले उतरले. जुन्या स्कॉटिश कादंबरीवर चित्रपट होता. त्यातली विधवा शवपेटीमागून थेट खड्ड्यापर्यंत जाते. पाठमोऱ्या दृश्याला नटीऐवजी एफीला उभं करायचं ठरलं. पेटीत वाळू भरली, खांदेकऱ्यांचे खांदे खरे वाकावेत म्हणून.

आता बेटावर बायका कबरस्तानाच्या भिंतीशी थांबतात, पुढचं काम पुरुषांचं. धाकटा दीर मर्डो चर्चमध्ये स्तोत्रं सांगायचा. त्याच्याच शब्दावर गावचे गडी खांदा द्यायला आलेले. तो चवताळला.

"वैनी, भिंत ओलांडलीस तर पेटी खाली ठेवून मी घरी जाईन. मी निघालो की एक गडी थांबायचा नाही."

"वाळू तर वाळू, भावजी. फिनलेच्या नावानं एकदा चालू द्या मला."

"लोक हसतील."

"हसू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

कॅमेरा सुरू झाला. भिंत जवळ आली तशी एफीची नजर मर्डोच्या खांद्यावर गेली. मर्डोनं आता खांदा काढला की संपलं, हे सिनेमावाले काही पुन्हा यायचे नाहीत. तरी तिनं पाऊल आत टाकलंच. मर्डोची पाठ ताठ झाली, चाल अडखळली, मागचे गडी एकमेकांवर आदळले. पण खांदा निघाला नाही.

खड्ड्याशी पेटी खाली सोडायच्या दोऱ्या वाटल्या. डोक्याकडची दोरी मेलेल्याच्या सगळ्यांत जवळच्या नातलगानं धरायची. दिग्दर्शक बाईंनी ती एका नटाला दिली होती. मर्डोनं ती त्याच्या हातातून ओढून एफीच्या हातात कोंबली.

"सावकाश सोड. जड आहे."

पेटी तळाला टेकली.

"दोरी चुकीच्या हातात गेली," दिग्दर्शक बाई म्हणाल्या. "पेटी वर काढा, पुन्हा करू."

कुणीच हललं नाही.

"बाई, आमच्यात पुरलेलं माणूस वर काढत नाहीत," मर्डो म्हणाला.

"अहो, वाळू आहे त्यात."

"आमचा फिनले आहे," म्हणत त्यानं फावडं उचललं आणि माती लोटली. पाठोपाठ गावच्या सगळ्या गड्यांनी फावडी उचलली. पेटी दिसेनाशी झाली तेव्हा एफीनं नवऱ्याच्या नावानं हंबरडा फोडला.