बाबांचे डोळे

बाबा पेपर वाचतात तेव्हा मी समोर बसून त्यांचे डोळे बघते. वाचणारे डोळे सलग सरकत नाहीत. चिमणीसारखे टुणटुण उड्या मारत ओळीच्या टोकाला जातात आणि झपकन मागे येतात. मधे क्षणभर टेकतात, तेवढ्यात शब्द कळतो.

बाबांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली. चुकीच्या वेलांटीपाशी त्यांचे डोळे ठेच लागल्यासारखे थांबायचे आणि हात पेन शोधायचा.

आज मथळ्यातच ‘पाणि’ छापलंय. डोळे त्यावरून गेले, थांबले नाहीत. मग पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी विचारलं,

“बाबा, सापडली का चूक?”

“छे गं,” ते प्रसन्न हसले, “आज सगळं बरोबर आहे.”