संध्याकाळचं माप

हजेरीपुस्तकात तिचं नाव काहीही असलं, तरी दवाखान्यात सगळे तिला बूटताईच म्हणायचे. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे तिची कार्यशाळा होती. चामड्याचा, डिंकाचा आणि घासलेल्या रबराचा वास जिन्यापर्यंत यायचा. नव्या माणसाला पत्ता विचारावा लागत नसे, नाक पुरायचं. साखरेच्या आजारानं ज्यांच्या पावलांतली जाणीव गेली आहे, अशांसाठी ती बूट करायची. अशा माणसाच्या बुटात खडा गेला तरी त्याला कळत नाही. दिवसभर तो त्याच खड्यावर चालतो आणि घरी मोजा काढल्यावर रक्त पाहून चकित होतो. म्हणून या कामात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. बूट चावतो का, असं विचारायचं नाही. माणसाला वीस मिनिटं चालवायचं, बूट काढायचा आणि कातडी कुठं लाल झाली आहे ते डोळ्यांनी बघायचं, हातानं चाचपायचं.

बूटताईला हे झोपेतसुद्धा पाठ होतं. तरीही ती चुकली, आणि चुकली ती नेमकी इथंच.

दोन वर्षांपूर्वी ती सहा आठवडे परदेशात स्वयंसेवक म्हणून गेली होती. तिकडच्या एका छोट्या दवाखान्यात तिनं अडतीस जणांसाठी बूट केले. परत आली ती शिफारसपत्र घेऊन, आणि वर्षभरात विभागप्रमुख झाली. आईनं त्या पत्राला चौकट करून दाराच्या अगदी समोर टांगलं. दूधवाल्यालाही ते वाचून झालं होतं. धाकटा भाऊ तेवढा चिडवायचा, "आई, ताईला चहा बशीतून देऊ नकोस हं, परदेशी पाहुणी आहे ती." ती हसायची आणि त्याच्या पाठीत धपाटा घालायची. पण जेवताना तिनं आपली खुर्ची हळूच फिरवून घेतली होती. ती चौकट समोर आली की तिला घास गिळवत नसे. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण तसं साधं होतं. ते शिफारसपत्र तिनंच लिहिलं होतं.

तिकडे तशीच पद्धत होती. स्वयंसेवकानं आपल्या पत्राचा मसुदा स्वतः करायचा आणि डॉक्टरांनी खाली सही करायची. डॉक्टरांना वेळ कुठला असणार? शेवटच्या दिवशी तिनं बसून लिहिलं, "रुग्णांच्या समाधानाचं प्रमाण शंभर टक्के." डॉक्टरांनी उभ्याउभ्या सही केली. वाक्य खोटं नव्हतं. अडतीसच्या अडतीस जणांना तिनं विचारलं होतं, बूट कसा वाटतो? आणि अडतीसही जणांनी सांगितलं होतं, छान.

ज्या पायांना काही वाटतच नव्हतं, त्यांना तिनं कसं वाटतं म्हणून विचारलं होतं.

येत्या शनिवारी दवाखान्याच्या सभागृहात तिचं भाषण होतं. 'परदेशातल्या सेवेतून मी काय मिळवलं' हा विषय मोठ्या साहेबांनीच दिला होता. या वर्षी दवाखान्यातून आणखी लोक जावेत, अशी त्यांची इच्छा होती. "तुमच्याकडे बघून पोरं तयार होतील," साहेब म्हणाले होते. "आत्मविश्वास, नवी माणसं, नोकरीत बढती, सगळं सांगा. आणि फोटो दाखवा, फोटो!"

बुधवारी कसरत परत आली. दवाखान्यात व्यायाम करवून घेणारी ही बाई. सगळे तिला कसरतच म्हणायचे आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. बूटताईच्याच सांगण्यावरून ती परदेशातल्या त्याच दवाखान्यात सहा आठवडे राहून आली होती. ती आली की आधी तिचा आवाज यायचा आणि मग ती.

"अगं, काय माणसं आहेत ती! आणि तुझे ते मामा! माझे बूट बघून म्हणतात, हे कुणी शिवले, माणसानं की यंत्रानं? यंत्रानं म्हटलं तर म्हणाले, तरीच." ती खो खो हसली आणि पिशवीत हात घातला. "हे तुझ्यासाठी दिलंय. दुमडू नको म्हणाले, म्हणून येताना अख्खा प्रवासभर मांडीवर धरून बसले. शेजारच्याला वाटलं असेल, माझ्या लेकराची पत्रिका आहे."

मामा म्हणजे तिकडचा म्हातारा चांभार. त्या दवाखान्यात चाळीस वर्षं बूट शिवत होता. बूटताईनं गुंडाळी उलगडली. आत तिचाच कागद होता. त्यावर निळ्या पेन्सिलीनं काढलेली एका डाव्या पावलाची रेघ आणि कोपऱ्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं, "इस्त्रीवाली मावशी. सकाळी नऊ वाजून दहा."

त्याच कागदावर, त्याच टाचेला टाच लावून, कुणीतरी लाल पेन्सिलीनं दुसरी रेघ काढली होती. लाल पाऊल निळ्या पावलाच्या बाहेरून चाललं होतं, दोन्हीकडून आगकाडीच्या जाडीइतकं मोठं. फक्त करंगळीपाशी ती लाल रेघ एकदम आत वळली होती. निळी करंगळी होती तिथं लाल करंगळी नव्हती.

खाली मामांनी तिकडच्या भाषेत दोनच ओळी लिहिल्या होत्या. तेवढं तिला वाचता यायचं. "संध्याकाळचं माप पाठवतो आहे. बूट करून दे."

"काय लिहिलंय गं?" कसरतनं विचारलं.

"माप आहे," बूटताई म्हणाली. 

"ती इस्त्रीवाली ना? गोड बाई आहे. तुझी फार आठवण काढते. तिचं बोट गेलं मागच्या वर्षी, बिचारीचं. जखम झाली म्हणे, कळलंच नाही तिला." एवढं बोलून कसरत थबकली. तिनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मैत्रिणीच्या तोंडाकडे. मग खाली मान घालून म्हणाली, "बाकीच्यांचे बूट मामांनी सैल करून दिले म्हणे. सगळ्यांचे. मला वाटलं, ते नेहमीच करतात."

मामांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिकडे गेल्यावर तिसऱ्याच दिवशी. "पोरी, ही कष्टाची माणसं. दिवसभर उभी असतात. सकाळचं पाऊल वेगळं, संध्याकाळचं फुगलेलं. चारनंतर माप घे." तिनं मान डोलावली होती. पण तीन वाजता गाडी यायची. स्वयंसेवकांना रोज कुठं कुठं न्यायची, कधी व्याख्यानाला, कधी टेकडीवर, कधी नदीवर. ती गाडी तिला चुकवायची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी घराबाहेर पडली होती आणि मजेत होती. मापं सकाळी उरकली तर काय बिघडतं, असं तिनं स्वतःला समजावलं. मामांना काय, चामडं कळतं. शिकून आलेली तर मी आहे.

आणि चालवून बघायचं? सुरुवातीच्या दोघातिघांना तिनं चालवलं. मग रांग वाढली. त्यातच ती तिकडची चाळीसेक वाक्यं शिकली होती आणि बोलायची हौस दांडगी होती. "बूट कसा वाटतो?" हे वाक्य ती अशा काही हेलात म्हणायची की रांगेतली माणसं तोंडावर हात घेऊन हसायची आणि म्हणायची, छान, छान. इस्त्रीवाली मावशी तर टाळी देऊन हसली होती. त्याच क्षणी कुणीतरी फोटो काढला. तोच फोटो शनिवारच्या भाषणात सगळ्यात शेवटी लावलेला होता.

तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला. भाऊ म्हणाला, "भाषणाची धास्ती घेतलीय तिनं." तिनं होकार दिला. खरं सांगितलं असतं, तर ती चौकट काढावी लागली असती, आणि आईच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिच्यात नव्हतं. शनिवारी निघताना तिनं तो कागद आणि त्याची छायाप्रत पर्समध्ये टाकली. कुणाला दाखवायचं की नाही, ते ठरलं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. आई आणि भाऊ दुसऱ्या रांगेत, साहेब पहिल्या. ठरल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. आत्मविश्वास, नवी भाषा, कमी साधनांत काम करायची सवय, बढती. लोक माना डोलावत होते. मग पडद्यावर हसणारी मावशी आली. बूटताई थांबली. पुढचं वाक्य पाठ होतं, 'हे हसू हीच माझी कमाई.' ते सोडून तिनं पर्स उघडली.

"या बाईंचं एक बोट गेलं," ती म्हणाली. "माझ्या बुटामुळे."

मग तिनं कागद काढून माइकजवळ धरला. निळी रेघ कसली, लाल रेघ कसली, तीनची गाडी, पत्र कुणी लिहिलं, शंभर टक्के कुठून आले, सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. बोलताना ती एकदाही आईकडे बघू शकली नाही. "तिकडे जाऊन मला जे मिळालं, ते खोटं नाही," शेवटी ती म्हणाली. "मी धीट झाले, माणसांत मिसळायला शिकले. पण माझं ते शिकणं त्यांच्या पायांवर झालं. तुम्ही जा. जरूर जा. फक्त तिकडचं माणूस एखादी गोष्ट सांगत असेल, तर गाडी चुकवा."

टाळ्या वाजल्या नाहीत. मागून कुणीतरी एकट्यानं सुरू केल्या आणि लगेच थांबवल्या.

बाहेर साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "अहो, हे सगळं चारचौघांत सांगायची काय गरज होती? आता कोण जाईल?"

"साहेब, ते पत्र माझ्या फायलीतून काढून टाका."

"फायलीतून काही निघत नसतं."

"मग एक कागद त्यात घाला." तिनं त्या दोन रेघांची छायाप्रत त्यांच्या हातात दिली. "आणि मला पंधरा दिवसांची रजा हवी आहे. बिनपगारी."

"पुन्हा तिकडे? आता कशाला? शिफारसपत्र आहे की तुमच्याकडे."

नमस्कार करून ती निघाली. घरी गेली तेव्हा भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट चौकोन होता. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. वळून न बघता तिनं विचारलं, "त्या बाईंना मुलंबाळं आहेत का गं?" बूटताईला तेही माहीत नव्हतं.

महिन्याभरानं एका संध्याकाळी सहा वाजता बूटताई इस्त्रीवाल्या मावशीच्या दुकानात उभी होती. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि छतापर्यंत रचलेल्या घड्या. मावशी सकाळपासून उभी होती, पाय घोट्यापर्यंत फुगले होते. बूटताईला बघून तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. बूटताईनं माफी मागायची वाक्यं घोकून आणली होती. त्यांतलं एकही धड बाहेर पडलं नाही. मामा दारात स्टूल टाकून बसले होते. ते म्हणाले, "बोलणं नंतर. आधी बूट."

ती गुडघ्यावर बसली. करंगळीच्या जागी आता गुळगुळीत, चकचकीत कातडी होती. तिथं तिनं अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मावशीला ते कळलं नाही. ती वरून दिव्याकडे बघत काहीतरी सांगत होती. बूटताईनं लाल रेघेवरून करून आणलेला बूट चढवला. नाडी अजून बांधायची होती, तेवढ्यात मावशी खुशीत म्हणाली, "छान!"

"मावशी, तुम्ही काही बोलू नका," बूटताई म्हणाली. "चाला."

मावशी चालली. दुकानापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून दुकानापर्यंत, येणाऱ्याजाणाऱ्याला नवा बूट दाखवत. वीस मिनिटं झाल्यावर बूटताईनं बूट काढला, मोजा काढला, पाऊल दिव्याखाली घेतलं आणि तळहात फिरवला. घोट्याच्या खाली, आतल्या बाजूला, मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका होता. तिनं मामांकडे पाहिलं. मामांनी बूट घासायची कानस पुढं केली.